दोन सर्व्हिसिंगच्या मधलं इंजिन: नव्या मोटारसायकलवाल्यांसाठी

वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेल्या गाडीचंही इंजिन बसतं. मालक पावत्या काढून दाखवतो, मेकॅनिक ड्रेन बोल्ट उघडतो आणि खालून जेमतेम अर्धा कप काळं, दाट ऑइल येतं. मागच्या सर्व्हिसिंगला ऑइल पुरेपूर भरलं होतं, पुढच्या सर्व्हिसिंगलाही भरलं गेलंच असतं. मधल्या काळात डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) काढून कुणी पाहिली नाही, एवढंच झालं.

सर्व्हिसिंगला गाडी वर्षातून मोजके दिवस जाते, बाकी सगळे दिवस ती तुमच्या हातात असते. त्यामुळे इंजिनची खरी राखण मालकाकडेच येते. त्यासाठी मेकॅनिक व्हायची गरज नाही. काय पाहायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे कळलं तरी पुष्कळ झालं.

इंजिन बसतं कसं

इंजिन ६,००० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरत असताना पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर जाऊन खाली येतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच फट असते आणि त्या फटीत ऑइलचा थर असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. लोखंडी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) जेवढा फुगतो त्याच्या जवळपास दुप्पट तो उष्णतेने फुगतो. ऑइल कमी पडलं की घर्षण वाढतं, पिस्टन तापतो, फुगतो, फट संपते आणि धातू धातूला घासून पिस्टन तिथेच अडकतो. झालं इंजिन सीझ.

हे सगळं एका दिवसात घडत नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगांना चुकवून थोडं ऑइल रोज जळतं. चांगल्या इंजिनातही जळतं, जुन्यात जास्त. लांबच्या रस्त्यावर तासन् तास जोरात पळवली तर आणखी जास्त. एखाद्या गॅस्केटमधून किंवा सीलमधून झिरपतं ते वेगळं. लहान इंजिनात मुळात ऑइल मावतंच लीटरभर किंवा त्याहून कमी. त्यातलं ३०० मिली गेलं तर उरलेल्या ऑइलला तेवढंच काम करावं लागतं. ते जास्त तापतं, लवकर पातळ होतं, आणि चढावर किंवा जोराच्या ब्रेकला ऑइल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो.

आणि हे सांगायला दिवा असेलच असं नाही. कित्येक लहान मोटारसायकलींना ऑइलचा दिवाच नसतो. इंजिनच्या आकाराचा जो पिवळा दिवा असतो तो फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सरसाठी. ऑइल संपत आलं तरी तो गप्प राहू शकतो. काही गाड्यांत तेलाच्या कुप्पीचं चित्र असलेला लाल दिवा असतो, पण तोही ऑइलचं प्रेशर पडल्यावर लागतो. म्हणजे तोवर पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. चालत्या गाडीवर तो लागला तर क्लच दाबा, इंजिन बंद करा, बाजूला घ्या. ‘पुढच्या वळणापर्यंत नेऊ’ असला हिशेब तिथे चालत नाही.

पायरी १: गाडीबरोबर आलेली पुस्तिका शोधा

कंटाळवाणी असते, पण त्यातली दोन-तीन पानंच लागतात: ऑइलचा ग्रेड आणि माप, सर्व्हिसिंगचं वेळापत्रक, प्लगचा नंबर. फोनवर फोटो काढून ठेवा. वेळापत्रकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात आणि ‘जे आधी होईल ते’ अशी अट असते. कमी चालणाऱ्या गाडीचे मालक महिने विसरतात. रोज फक्त एक-दोन किलोमीटर चालणारी गाडी ऑइलच्या दृष्टीने जास्त हाल काढते. इंजिन पुरतं तापत नाही, आत जमलेली वाफ आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही.

पायरी २: डिपस्टिक वाचायला शिका

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आधी व नंतर.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. मेन स्टँड नसेल तर दुसऱ्या कुणाला हँडल धरून ती सरळ उभी ठेवायला सांगा. साइड स्टँडवर गाडी कललेली असते, तिथे मिळणाऱ्या मापाला अर्थ नाही. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली उतरू द्या. डिपस्टिक फिरवून काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, परत घाला आणि बाहेर काढून पाहा.

नवखे इथेच फसतात. बऱ्याच गाड्यांत मोजताना डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत पूर्ण बसवून मोजायची असते. चुकीच्या पद्धतीने मोजलं तर ऑइल कमी असताना पुरेसं दिसतं किंवा उलट. आपल्या गाडीची पद्धत कोणती, हे पुस्तिकेत एका ओळीत दिलेलं असतं. डिपस्टिकऐवजी काचेची खिडकी असेल तर हे डोकं खाजवणं वाचतं. वरच्या आणि खालच्या रेघेच्या मधे ऑइल दिसलं पाहिजे.

ऑइलची ओली रेघ दोन खुणांच्या मधे हवी. खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल ५०-१०० मिली घाला, थांबा, पुन्हा मोजा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका. जास्त भरलेल्या ऑइलला क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) घुसळतो, फेस येतो आणि फेसाळ ऑइल धड वंगण देत नाही. उरलेलं ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं.

रंगाने घाबरू नका. ऑइल काही दिवसांत काळं होतंच. आतली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते दुधाळ, कॉफीसारख्या रंगाला. त्याचा अर्थ आत पाणी गेलंय, किंवा लिक्विड कूल्ड गाडी असेल तर कूलंट. डिपस्टिकला पेट्रोलचा उग्र वास येतोय का, तेही पाहा. कुणी ऑइल घातलं नसताना पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे फ्लोट नीडल, नीट बसत नसेल तर पेट्रोल झिरपत झिरपत इंजिनमध्ये उतरतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ करून टाकतं. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.

किती घातलं ते मीटरच्या आकड्यासह लिहून ठेवा. १,००० किलोमीटरला किती लागतं, हा आकडा दर वेळी तोच येत असेल तर इंजिन बरं आहे. वाढत चालला असेल तर मेकॅनिकला हाच आकडा सांगा. ‘गाडी ऑइल खाते’ एवढ्यावरून त्याला काही कळत नाही.

पायरी ३: योग्य ऑइल घ्या

१०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० असे आकडे डब्यावर असतात. पहिला थंडीतल्या प्रवाहीपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर ‘जाड ऑइल चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नका. इंजिन चालू केल्यावर ऑइल सगळ्यात उशिरा हेडमधल्या (इंजिनच्या वरच्या भागातल्या) कॅमपर्यंत पोचतं, आणि दाट ऑइल आणखी उशिरा.

आकड्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे डब्यावरचं जासो एमए किंवा एमए२ हे चिन्ह. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये असतात. कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती कारला चालतात, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो. आपल्याकडे तीच क्लच प्लेटवर बसतात आणि क्लच घसरायला लागतो: आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही. ही अडचण लक्षात घेऊनच जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकल ऑइलसाठी हे वेगळं मानक आलं. एमबी लिहिलेलं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं, कारण तिथे क्लच कोरडा असतो. घरात दोन्ही गाड्या असतील तर डबे बदलू देऊ नका.

ऑइलमध्ये मिसळायच्या निरनिराळ्या बाटल्या मिळतात. माझ्या मते त्यांची गरज नाही; तेवढ्या खर्चात ऑइल थोडं लवकर बदललेलं बरं.

पायरी ४: ऑइल बदलणं

हे घरी करता येतं. इंजिन कोमट असावं, चटका बसेल इतकं गरम नको. खाली पसरट भांडं ठेवा. ड्रेन बोल्टला नेमका बसणारा रिंग पाना किंवा सॉकेट घ्या. ढिला पाना घसरला की बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग खरी कटकट सुरू होते. शेवटचे आटे हाताने सोडा, बोल्ट भांड्यात पडू देऊ नका.

निथळत असताना ऑइल बोटांवर घेऊन उन्हात पाहा. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काळपट, मऊ लेप दिसणं नेहमीचं आहे. नखाने धरता येतील असे धातूचे चकचकीत कण किंवा तुकडे दिसले तर ते फेकू नका, कागदावर काढून मेकॅनिकला दाखवा. पिवळसर कण बहुधा बुशचे असतात, चांदीसारखे ॲल्युमिनियमचे. नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलमध्ये मात्र थोडी चमक असतेच. आतले भाग एकमेकांशी जुळवून घेत असतात. म्हणून तर पहिली सर्व्हिसिंग इतक्या लवकर ठेवलेली असते. ती पुढे ढकलू नका.

ऑइल फिल्टर असेल तर वेळापत्रकाप्रमाणे बदला, जाळी असेल तर पेट्रोलने धुवा. बोल्टचा वॉशर नवा घ्या. बोल्ट आधी पूर्ण हाताने बसवा, मग पुस्तिकेत सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. टॉर्क रेंच नसेल तर छोटा पाना वापरा आणि अंगाचं वजन टाकू नका. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं आहे; आटे गेले तर काम वाढलं.

भरताना माप बघा. पुस्तिकेत दोन आकडे असतात, समजा ०.८ लीटर आणि १ लीटर. पहिला नुसतं ऑइल बदलताना लागतो, दुसरा पूर्ण उघडलेल्या, कोरड्या इंजिनसाठी असतो. लीटरचा डबा आहे म्हणून सगळा ओतणारे पुष्कळ आहेत. जुनं ऑइल मातीत किंवा गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

पायरी ५: हवा आणि ठिणगी

इंजिनमध्ये गेलेली धूळ बारीक पॉलिश पेपरचं काम करते. रिंगा आणि बोअर दोन्ही झिजवते. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, ऑइलचा हात देऊन परत लावता येतो. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करतात. तेलकट कागदाच्या फिल्टरला मात्र हवा मारायची नाही, मळला की बदलायचा. बसवताना रबरी कड सगळीकडे नीट बसली का, हे बोट फिरवून पाहा. स्वच्छ फिल्टर वाकडा बसवण्यापेक्षा मळका नीट बसवलेला परवडला. ‘हवा मोकळी मिळेल’ म्हणून फिल्टर काढून गाडी चालवणाऱ्यांना काय म्हणावं!

प्लग थंड इंजिनवरच काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा फिल्टर चोंदलाय. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. पांढरा पडून टोकावर फोड आल्यासारखा दिसला तर इंजिन जास्त तापतंय, लगेच दाखवा. लावताना आधी हाताने फिरवा. नवा प्लग टेकल्यावर साधारण अर्धा फेरा आवळणं पुरतं, जुना परत लावताना त्याहून बराच कमी.

एअर कूल्ड इंजिनच्या फिन्समध्ये (थंडाव्यासाठीच्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये) वाळलेला चिखल राहू देऊ नका, आणि लिक्विड कूल्ड गाडीच्या रिझर्व्ह टाकीतली पातळी डिपस्टिकच्याच दिवशी पाहा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

पायरी ६: टॅपेट

कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले टॅपेट वाजायला लागले की सगळे मेकॅनिककडे धावतात, आणि आवाज गेला की खूश. खरा धोका उलट बाजूला आहे. व्हॉल्व्ह (सिलिंडरची उघडझाप करणारी झडप) हळूहळू आपल्या सीटमध्ये, म्हणजे टेकायच्या जागेत, रुततो, तसतशी टॅपेटची फट कमी होत जाते आणि इंजिन अगदी शांत चालतं. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. बंद असताना सीटला टेकूनच तो आपली उष्णता हेडला देतो. टेकलाच नाही तर तापत जातो आणि त्याची कड जळते. आधी सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं.

अनेक लहान इंजिनांत ही फट ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. ती पूर्ण थंड इंजिनवर, फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात. हे काम शिकलेल्या हातालाच द्या, पण दोन गोष्टींवर अडून बसा: गाडी आदल्या रात्री सोडायची, आणि गेज घालून मोजायचं. चालू, तापलेल्या इंजिनवर कानाने ‘सेट’ केलेले टॅपेट म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

रोजची सवय

सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश जा. उभ्या गाडीला रेस देऊन तापवू नका.

धूर ओळखा. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ निघून जाते, ती पाण्याची. निळसर धूर ऑइलचा. तो सुरू करतानाच एकदा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, ॲक्सिलरेटर पिळताना येत असेल तर बहुधा रिंगा. काळा धूर जास्त पेट्रोलचा. लिक्विड कूल्ड गाडीचा पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या. हेडच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर. खालून, इंजिनवर जोर पडताच ठक-ठक आली तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. तिथून पुढे गाडी टेम्पोत टाकून न्यावी.

मागचं चाक फिरवणाऱ्या साखळीचा इंजिनशी संबंध नाही असं वाटतं. पण कोरडी, झिजलेली साखळी धावत्या गाडीवर तुटली तर पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचं केसिंग फोडू शकते. साफ करा, ऑइल द्या, ताण मोजा. हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करा.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर ‘सुरू होते का बघू’ म्हणून बटण दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो. प्लग काढा, ऑइल काढा, फिल्टरचा डबा उघडा आणि मेकॅनिकला बोलवा.

एवढं करूनही इंजिन सीझ झालं तर

आधी गाडी ओढेनाशी होते, आवाज आवळल्यासारखा होतो, मग मागचं चाक एकदम अडकतं. पहिली खूण जाणवताच क्लच दाबा आणि दाबूनच ठेवा. चाक मोकळं झालं तरच गाडी ताब्यात राहते. बाजूला घेऊन बंद करा. वरून पाणी ओतू नका, किकवर उभं राहू नका. हात लावता येईल इतकं थंड झालं की डिपस्टिक पाहा. मग वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी हलकेच मागेपुढे ढकला. इंजिन फिरलं तर नशीब, पण ‘सुटली’ म्हणून ऑइल घालून पुढे पळवू नका. बोअरवर ओरखडे पडलेलेच असतात, पुढच्या वेळी ती लवकर अडकेल.

काम काढल्यावर बोअर गेजने वर, मधे, खाली आणि दोन दिशांनी मोजायला सांगा. लोखंडी बोअर लेथवर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतो, बहुधा ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांत ते मिळतात. बोअरवर निकेल-सिलिकॉनचा लेप असेल तर रिबोअर होत नाही, ब्लॉक बदलावा लागतो किंवा लेप नव्याने चढवावा लागतो. आणि हे नक्की विचारा: ऑइल पंप तपासला का? ऑइलचे मार्ग आणि जाळी धुतली का? क्रँक आणि कॅमची बेअरिंग पाहिली का? ऑइल आधी कुठे गेलं, याचं कारण सापडलं का? फक्त पिस्टन बदलून गाडी परत दिली तर घासलेल्या धातूचे कण आतच राहतात. जोडलेलं इंजिन नव्या गाडीसारखं रन-इन करायचं असतं: पूर्ण थ्रॉटल नाही, वेग सारखा थोडा कमी-जास्त, दोघं बसून चढ नाही. त्याचं पहिलं ऑइल ५०० किलोमीटरच्या आतच काढून टाका आणि तोवर डिपस्टिक दर दोन-तीन दिवसांनी पाहा.